शिव्या देणाऱ्या हिरोचा पिक्चर

जवळ सरक बाई. उभ्या-उभ्या येतेस अन् निघतेस, ही काय रीत झाली?

तुझ्या आबाले यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं होतं ना, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक माणूस होता. तंबाखूचा खर्रा खाऊन-खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेला. नाव मी विचारलंच नाही. दिवसभर मोबाईलवर एकच पिक्चर पाहे, मोठ्या माणसायचा. त्यातला मुखवटेवाला हिरो उडता-उडता गुंडायले घाण शिव्या देते अन् लढाईत त्याची चड्डी फाटते. हा सुजलेला गाल धरून हसे अन् प्रत्येक शिवी हिरोच्या मागून मोठ्यानं म्हणे.

मी चिडली. “काहून रे भाऊ, बायाबापड्या बसल्या आहेत ना इथं!”

त्यानं पिक्चर थांबवला. “माय, डॉक्टर उद्या माही जीभ काढून राह्यले. आजच्या दिवस बोलू दे.”



चार दिवसांनी तो वार्डात परत आला. नाकात नळी, गळ्याले पट्टी. पिक्चर लावला. शिवी आली तसं त्यानं तोंड उघडलं, पण नुसती घरघर निघाली. मग त्यानं मोबाईल माह्याकडं वळवला अन् हात जोडले.

जन्मात तोंडातून काढली नव्हती, अशी शिवी मी वार्डभर ऐकू जाईल अशी दिली. नर्स पाहतच राह्यली. तो हसला नाही. त्यानं पिक्चर थोडा मागं नेला अन् पुन्हा माह्याकडं पाह्यलं.

आमची दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा तो झोपला होता. आता त्याच्यापाशी कोण बसत असन, काय माहीत. तू पुन्हा लवकर येजो बाई, दोन दिवस राह्यजो.