खिळ्याची परवानगी

मी शाळेत शिकवते आणि हाती आलेला प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचते. भाडेकरार समोर आला की लोक सही कुठे करायची तेवढं बघतात. मी लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून बसले. नवव्या कलमात लिहिलं होतं, घरमालकाच्या परवानगीशिवाय भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. त्याखाली मी ठळक रेघ मारली. ती रेघ आठवली की आजही स्वतःचा राग येतो.

घर पनवेलजवळ, खाडीकडच्या एका गावात. त्याला आता कुणी गाव म्हणत नाही. मिठागरं बुजवून तिथे टॉवर उभे राहिले आणि मिठागरात राबलेल्या माणसांनी आपापल्या जागेवर चार-चार मजले चढवून भाडेकरू ठेवले. आमचे घरमालक काका त्यांतलेच. ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, अण्णा.

अण्णा दिवेआगरचे. वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या, छप्पर उडालं, पण माजघराच्या भिंतीवरचा आईचा फोटो जागच्या जागी होता. अण्णांनी फोटो उतरवला, पकडीने तो खिळाही उपसला, पानाच्या डब्यात टाकला आणि माझ्याकडे राहायला आले. आल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "अगो, हिला कुठे लावायची?"

"अण्णा, करारात खिळ्याला परवानगी नाही. सध्या फ्रिजवर राहू दे. पुढच्या वर्षी आपलं घर घेऊच."

"बरं," म्हणाले. जन्मभर स्वतःच्या घरात मोठ्या आवाजात बोललेला हा माणूस दुसऱ्याच्या घरात नळसुद्धा हळू सोडायचा.

फ्रिजची मोटर सुरू झाली की थरथरीने फोटो तसूतसूने कडेला सरकायचा. रोज सकाळी अंघोळ झाली की अण्णा तो पुन्हा मागे सारायचे, काच पुसायचे. मग त्यांनी माझ्या जुन्या चपलेचा रबर कापून त्याखाली घातला. तरी सरकायचाच.

विमानतळ येणार म्हणून घरांच्या किमती आमच्या हाताबाहेर गेल्या. दर अकरा महिन्यांनी तोच एजंट तोच करार छापून आणायचा आणि मी अण्णांना तेच 'पुढच्या वर्षी' ऐकवायची. एकदा ते चाचरत म्हणाले, "मालकांना एकदा विचारून तर बघ."

"उगाच त्यांच्या मनात काही भरायचं आणि घर खाली करा म्हणायचे. एका फोटोसाठी एवढं काय अडलंय, अण्णा?"

एका फोटोसाठी, असं म्हटलं मी. त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही. काकांच्या हॉलमध्ये त्यांच्या आईवडिलांचे, आजोबांचे हार घातलेले मोठाले फोटो होते. त्यांच्याखाली बसून मी दर वेळी चहा प्यायले आणि करारावर सही करून वर आले.

दिवाळीच्या आधी अण्णा गेले. मी चहा घेऊन उठवायला गेले तर हात गार लागला. पहिले धावून आले ते काका. माणसं जमवण्यापासून गुरुजींपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. तेरावा झाल्यावर एका दुपारी ते वर आले आणि फ्रिजवरचे आईचा आणि अण्णांचा असे दोन फोटो पाहून थबकले.

"यो काय टीचर? आईबापाला फ्रिजवर ठेवतात काय?"

मी कपाटातून करार काढला आणि माझी लाल रेघ दाखवली. ते कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

"मना कुठं वाचता येतंय बाय? कागूद एजंटनी छापला, मी आंगठा लावला नि आलो. एका खिल्याला कोन नाय बोलतं? मना एकदा इचारला असता तं मीच येऊन ठोकला असता."

मला रडू आवरेना. तीन वर्षं माझ्या वडिलांना ज्या गोष्टीने अडवलं, ती माझ्याशिवाय कुणी वाचलीही नव्हती.

काका खाली जाऊन हातोडी घेऊन आले. "कुठं लावू?"

ते मला ठाऊक नव्हतं. कुठली भिंत हवी, हेसुद्धा मी अण्णांना विचारलं नव्हतं. अंदाजाने मी त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीशी गेले. तिथे अगदी जवळूनच दिसेल अशी पेन्सिलीची बारीक फुली होती, खोडली तर लगेच जाईल एवढी फिकट. तिच्या शेजारी, एका चौकटीची जागा सोडून, तशीच दुसरी फुली होती.

मी पानाचा डबा उघडला. सुपारीच्या खांडांत तो खिळा होता. काकांनी तो तळहातावर घेतला आणि दोन्ही फुल्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यो आईचा," ते म्हणाले. "बाबांचा मी खालून घेऊन येतो."