डावीकडचा फोल्डर

आत्याला लॅपटॉप मीच घ्यायला लावला. ती कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढच्या एका गावात एकटी राहते. मी हैदराबादला. तिने डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळांमध्ये तीस वर्षं शिकवलं. पहिल्या वर्षी वाडीवरची मुलं काय बोलतात ते तिला कळेना, म्हणून तिने त्यांचे शब्द वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि पुढे ती सवयच लागली. निवृत्त झाली तेव्हा अशा पाच वह्या भरल्या होत्या. एकीला वाळवी लागलेली मी मागच्या दिवाळीत पाहिली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता, की हे सगळं टाइप व्हायला हवं आणि ते तिच्याच हातून व्हायला हवं, कारण तिचं अक्षर तिच्याशिवाय कोणाला लागत नाही.

कुरियरवाला तिच्या गावापर्यंत जात नाही. आत्या कशेळ्याला गेली, खोकं घेतलं आणि जीपमध्ये मांडीवर ठेवून घरी आणलं. तो शनिवार होता. रविवारी सकाळी नऊला आम्ही फोनवर सुरुवात केली.

मला असं काही लांबून सांगायचं म्हटलं की धडधडतं. समोरचा माणूस नेमकं कुठं बोट ठेवतोय ते दिसत नाही. तिच्या गावात नेटवर्क जेमतेम, त्यामुळे व्हिडिओ कॉल दोन मिनिटांत गोठायचा. मग नुसत्या आवाजावर काम.

"आता काय दिसतंय, आत्या?"

"इचारतंय, तुमी कुठल्या देशात राहता."

"मग सांग त्याला."

"सांगितलं. आता कीबोर्ड कुठला इचारतंय. लय चौकश्या करतंय गं हे."

पासवर्डपाशी तासभर गेला. तिने ठरवलेला पासवर्ड लॅपटॉपला पसंत पडेना, आणि पसंत पडला तो तिच्या लक्षात राहीना. शेवटी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेव म्हटलं. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला, मराठी कीबोर्ड बसवला. तिने एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं आणि मला अक्षर अक्षर वाचून दाखवलं. मग स्क्रीनवर डाव्या कडेला एक फोल्डर करायला लावला आणि त्याला 'वह्या' असं नाव दिलं.

"दिसतोय?"

"दिसतोय की. पिवळा हाय. खाली लिवलंय, वह्या."

म्हटलं, आता जेवून घे, मग पुढचं बघू. फोन ठेवला.

सव्वा वाजता मी परत फोन केला. ती म्हणाली, सकाळपासून वाकून बसल्यामुळे डोकं जरा जड झालंय. मलाही मान अवघडल्यासारखी वाटत होती, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

"तो फोल्डर उघड. डावीकडचा."

माउसची टिकटिक ऐकू आली.

"डावीकडं कायच नाय गं."

"असं कसं? सकाळी तूच केलास ना?"

"नाय दिसत. पुसला गेला असंल."

मी वैतागले. माउस हलव म्हटलं, चष्मा पूस म्हटलं. ती निमूटपणे सगळं करत होती. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, नीट डोळे उघडून बघ ना गं."

मी व्हिडिओ लावला आणि तिला फोन स्क्रीनसमोर धरायला सांगितलं. नशिबाने चित्र आलं. फोल्डर होता तिथेच होता, पिवळा, खाली 'वह्या' लिहिलेलं. मी म्हटलं, "अगं, मला हैदराबादहून दिसतोय आणि तुला समोर बसून दिसत नाही?" तरी ती म्हणाली, नाय.

मी तिला वरची एक ओळ वाचायला सांगितली. तिथे लिहिलं होतं, 'तुमचा संगणक आता तयार आहे'. तिने वाचलं, "तयार आहे."

"पूर्ण वाच."

"एवढंच हाय."

मी तिला आधी एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. दोन्ही वेळेला डावीकडचं गायब. म्हणजे चष्म्याचा दोष नाही, एका डोळ्याचाही नाही. आमच्या ऑफिसात आरोग्य तपासणीच्या वेळी मेंदूच्या झटक्याची लक्षणं सांगितली होती. तोंड वाकडं होणं, हात वर न जाणं, बोबडं बोलणं हे माझ्या लक्षात होतं. एकदम नजर कमी होणं हेसुद्धा त्यात होतं का, ते आठवेना. मी तिला हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले. तोंड सरळ होतं, हातही ठीक. मग मी उगाच घाबरतेय का? नसतं काहीतरी सांगून तिला घाबरवलं आणि त्यानेच रक्तदाब चढला तर? दोन-तीन मिनिटं मी अशीच घालवली. त्या मिनिटांचा विचार अजून मनात येतो.

तिच्या शेजारी एक बाई राहते, तिच्या नवऱ्याची कशेळे-कर्जत मार्गावर जीप आहे. रविवार असल्यामुळे तो घरी असेल असं वाटलं. मी तिला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"वहिनी, आत्याला ताबडतोब कर्जतला न्यायचंय. मेंदूचं काहीतरी आहे असं मला वाटतंय."

"बाईंना? मगाशी तर कपडे काढत व्हत्या दोरीवरनं."

"तरी न्या. मी तुमच्या पाया पडते."

"पाया कशाला पडतेस. निघतो आमी."

आत्या निघायला तयार नव्हती. मी परत तिला फोन लावून ऐकत होते. डोकं दुखतंय एवढंच, गोळी घेते म्हणत होती. शेजारीण म्हणाली, "बाई, चला. काय नसलं तर कर्जतला भजी खाऊन परत येऊ." मग आत्या उठली आणि दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. शेजारणीने ते पाहिलं. तिने दंड धरून आत्याला जीपमध्ये बसवलं.

दहा मिनिटांनी आत्याचा फोन बंद पडला. सकाळपासून हॉटस्पॉट चालू ठेवायला मीच सांगितलं होतं, बॅटरी संपली असणार. शेजारीण घाईत स्वतःचा फोन घरीच विसरली होती, तो वाजत राहायचा. तिच्या नवऱ्याचा लागत होता, पण तो गाडी चालवत होता. मी घरभर फेऱ्या घालत होते. कर्जतला काही होण्यासारखं नसलं तर पुढे पनवेलला किती वेळ लागतो, वाटेतल्या चौक गावाच्या रस्त्याला रविवारी फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या किती असतात, हेच डोक्यात.

अडीच वाजता त्याचा फोन आला. कर्जतच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर पनवेलला घेऊन जायला सांगितलं होतं, स्कॅन तिकडेच होणार. "चौकवरनं जातो," एवढं म्हणून त्याने ठेवला.

साडेतीनच्या सुमाराला त्याच फोनवरून एक डॉक्टर बाई बोलल्या. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, मेंदूच्या मागच्या भागात गुठळी वाटतेय. ती विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण त्रास सुरू झाल्यापासून ठरावीक वेळेच्या आतच. पेशंटला आपलं दिसणं कधी कमी झालं ते सांगता येत नाहीये, आणि शेजाऱ्यांना माहीत नाही.

"त्यांना शेवटचं नीट कधी दिसत होतं, तुम्हाला सांगता येईल?"

मला सांगता येत होतं. सकाळचा कॉल कधी संपला ती वेळ फोनमध्ये होती. "अकरा चौतीसला तिने मला डावीकडचं वाचून दाखवलंय."

"नक्की?"

"नक्की."

"मग आहे वेळ थोडा," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

संध्याकाळच्या विमानाने मी निघाले. मी पोचले तेव्हा इंजेक्शन वेळेत देऊन झालं होतं, आत्या झोपली होती आणि शेजारीण बाकावर बसून होती. मला बघून ती रडली. दिवसभर रडली नव्हती, असं तिचा नवरा म्हणाला.

बरीचशी नजर आठवड्याभरात परत आली. डावीकडचा खालचा कोपरा मात्र गेला तो गेलाच. जेवताना ताटातलं मीठ तिला सापडत नाही, मग ती ताट फिरवते. जिना उतरताना कठडा सोडत नाही. मी तिला हैदराबादला चल म्हटलं, हट्ट धरला, शेवटी भांडले. तिने ऐकलं नाही. आता शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावते आणि मी दिवसातून दोनदा फोन करते. पहिल्या रिंगला उचलला नाही की मी लगेच शेजारणीला लावते.

वह्यांचं काम दोन महिन्यांनी सुरू झालं. परवा तिने पहिली सहा पानं मेलने पाठवली, मेल कसा पाठवायचा ते शेजारणीबरोबर डोकं लावून तिनेच शोधलं. मी वाचायला लागले. शब्द आणि समोर अर्थ अशा दोन रांगा होत्या. चौथ्या पानावर डावीकडच्या रांगेत मध्येच एक जागा रिकामी. समोर अर्थ लिहिलेला, शब्द नाही. खाली आणखी एक तशीच. मी तिथेच थांबले आणि फोन लावला.

"आत्या, चौथं पान उघड. डावीकडं काय काय दिसतंय ते वाच बघू."

तिने सगळे शब्द ओळीने वाचले. त्या जागेशी आली तेव्हा म्हणाली, "इथं मोकळंच हाय."

"ते का?"

"वहीत वाळवीनं खाल्लंय ना गं. अर्थ उरला, शब्द गेला. वाडीवर माझी एक जुनी विद्यार्थिनी हाय, आता तिलाच नातवंडं झालीत. तिला जाऊन इचारीन, मग भरीन."

वाडीचा चढ मला माहीत आहे. शेवटचा पाऊण तास पायवाट आहे, एका बाजूला उतार.

"कधी जाणार आहेस?" मी विचारलं.

"बुधवारी. शेजारीण येतेय संगती."

उतार कोणत्या बाजूला येतो ते मला आठवेना. मी तिला विचारलंही नाही. बुधवारची रजा टाकली आणि मंगळवारच्या संध्याकाळचं तिकीट काढलं.