शब्द कुणाचं रं?

मोहोपाड्याच्या आमच्या कामगार वसाहतीत शनिवारी संध्याकाळी माईक लागायचा. ज्याला वाटेल त्याने गावं. कारखान्यातला टाइमकीपर कायम माईकला खेटून बसायचा. स्वतः कधी गायचा नाही. डोळे मिटून ऐकायचा आणि गाणं संपलं की गोड आवाजात विचारायचा, "शब्द कुणाचं रं?" हा साहेबांचा कान आहे, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

माझ्या फिटर मित्राने कँटीनच्या पातळ डाळीवर गाणं रचलं. सगळी वसाहत पोट धरून हसली. टाइमकीपरने ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

पुढच्या शनिवारी मॅनेजरसाहेब स्वतः येऊन बसले. मित्राचा चेहरा उतरला. तेवढ्यात टाइमकीपर उठला आणि तेच गाणं एकही कडवं न गाळता खणखणीत गायला. साहेबांना हसू आवरेना.

"कोणी लिहिलं हे?" त्यांनी विचारलं.

"मीच, साहेब."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

"वाचीवलं रं मला यानं," मित्र माझ्या कानात म्हणाला.

साहेब हसण्याऐवजी चिडले असते, तर टाइमकीपरने कुणाचं नाव घेतलं असतं, याची मला आजही खात्री नाही.