शेंगदाणा तेलातली फुलं

आमच्या घरात तेलाच्या बाबतीत भाऊंचा शब्द शेवटचा असे. भाऊ म्हणजे माझे वडील. अमळनेरच्या एका तेल गिरणीत ते नोकरीला होते. तळहातावर तेलाचा थेंब चोळून, हुंगून, हा शेंगदाणा धरणगावकडचा की आणखी कुठला, हे सांगायची त्यांना भारी हौस. खरंखोटं करायला कोण जाणार? त्यामुळे ते कायम बरोबरच ठरत. बाकी कशात आई त्यांचं फारसं चालू देत नसे, पण तेलात तिनं त्यांना मोकळं रान दिलं होतं. आणि नेमकं तिथेच तिचं चित्र फसलं.

आईनं लग्नाआधी धुळ्यात एक तैलचित्र काढलं होतं. पितळी तांब्यात गुलाब, शेवंती, झेंडू, आणि एक झेंडू तांब्यापाशी खाली पडलेला. पाहुणे मुलगी बघायला आले की तिच्या हातचं काहीतरी भिंतीवर लागायचं, म्हणून नानांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तिला चित्रकलेच्या सरांकडे शिकायला घातलं होतं. भाऊ बघायला आले तेव्हा ते मुलीपेक्षा चित्राकडेच बघत बसले, असं आई सांगते. भाऊंचं म्हणणं, तांब्या डावीकडे कललेला होता, तो पडतो की काय म्हणून मी बघत होतो.

लग्न झालं, आई अमळनेरला आली आणि चित्र धुळ्यालाच राहिलं. भाऊंनी ते मागितलं की नाना अहिराणीत म्हणत, "पोर ली गयात, आते फुलं बी ली जातस का?" दर दिवाळीला हेच. परतताना एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसे. लग्नानंतर तिनं ब्रश हातात धरला नव्हता. आपल्याला कधीकाळी काहीतरी येत होतं, याची तेवढी एक खूण होती आणि तीही माहेरच्या भिंतीवर अडकलेली. मला नानांचा असा राग यायचा की त्यांनी दिलेली पेढ्याची पुडी मी गाडीत बसेपर्यंत उघडत नसे. बसल्यावर उघडायचे, तो भाग वेगळा.

एका उन्हाळ्यात आईनंच तोडगा काढला. चित्र नेता येत नाही ना, मग नानांच्या घरीच बसून दुसरं उतरवायचं. ती जळगावहून कॅनव्हास, रंगाच्या ट्यूबा आणि अळशीच्या तेलाची बाटली घेऊन आली. ती बोटभर बाटली बघून भाऊंना अपमान झाल्यासारखं झालं.

"तेलाच्या गावात राहून तू एवढंसं तेल विकत आणलंस?"

"सर अळशीचंच वापरायला सांगायचे."

"अळशीची आपण चटणी करतो. तुझ्या सरांना तेलातलं काय कळतं?" आणि त्यांनी शेंगदाण्याच्या तेलाचा डबा पुढे ठेवला. एकदम शुद्ध, म्हणाले. आई जरा घुटमळली. पण तेलाच्या माणसाची बायको तेलावरून कशी भांडणार? बाटली घरी राहिली, डबा धुळ्याला गेला.

नानांच्या पुढच्या खोलीत आई चित्र काढायला बसली. मागे नाना खुर्ची टाकून राखणीला. "ते फूल जरासं खाले शे," "गुलाब बठ्ठा लाल नही, मझार गुलाबी शे," असं फुलाच्या जागेपासून पाकळीच्या आतल्या रंगापर्यंत चाललेलं. आई आधी चिडली, मग ऐकू लागली. एवढी वर्षं रोज बघून नानांना चित्रातली पाकळी न् पाकळी पाठ झाली होती. तांब्या तेवढा आईनं या वेळी सरळ काढला. नानांना ते आवडलं नाही.

चित्र अमळनेरला आलं, भिंतीवर लागलं आणि वाळेना. पावसाळा संपला, दिवाळी झाली, थंडी पडली. वाळेना म्हणजे वाळेना. कापसाचा हंगाम सुरू झाला तशी हवेतली रुई येऊन शेवंतीला चिकटली. मग मुंग्या आल्या. भाऊंचे एक मित्र पांढरी टोपी घालून भिंतीला टेकले आणि टोपीवर गुलाब घेऊन घरी गेले. भाऊंनी चित्र उन्हात ठेवून पाहिलं, तर शेजारच्या अक्का डोकावून विचारू लागल्या, "भजी तळतेस का गं?"

भाऊ मात्र हार मानायला तयार नव्हते. "भेसळीचं असतं तर कधीच वाळलं असतं," ते म्हणत.

आम्ही हसत होतो, आई हसत नव्हती. एक दिवस तिनं ट्यूबा गुंडाळून ट्रंकेत टाकल्या आणि म्हणाली, "माझा हातच गेला आता." शेंगदाण्याचं तेल अळशीसारखं वाळत नाही, पण तिनं तेलाला एका शब्दानं बोल लावला नाही. भाऊंना सगळं कळत होतं, असं मला आजही वाटतं. पण ते कबूल करायचं म्हणजे गिरणीतली सगळी नोकरी खोटी पडायची. ते नुसते मान खाली घालून जेवले. मला दोघांचा राग आला आणि आईसाठी फार वाईट वाटलं.

चित्र वाळत नाही हे कानावर जाऊन संक्रांतीनंतर नाना अचानक दारात उभे राहिले. काखेत चादरीत गुंडाळलेलं जुनं चित्र. पाणीसुद्धा न घेता ते भिंतीपाशी गेले आणि खाली पडलेल्या झेंडूवर त्यांनी बोट टेकवलं. बोट पिवळं झालं.

"ओलं शे अजून."

"नाना, हात लावू नका. बिघडलंय ते," आई म्हणाली.

"वाळेल तं तू ली ले. माले हाई ओलंच दी दे."

जुनं, वाळलेलं चित्र आईच्या हातात देऊन त्यांनी नवं चित्र भिंतीवरून काढलं. ते चादरीत गुंडाळता येईना, म्हणून दोन्ही हातांत आरशासारखं धरून ते एसटीत चढले. कंडक्टर, एक कोथिंबीरवाली आणि एक शाळामास्तर असे तिघे धुळ्याला पिवळेलाल होऊन उतरले, असं नाना पुढे कौतुकानं सांगत.

आईचं चित्र अखेर आईकडे आलं. पण तिला आनंद होईना. ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "तांब्या वाकडाच आहे."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही धुळ्याला गेलो. नवं चित्र नानांच्या खाटेच्या डोक्याशी टांगलेलं होतं. बाकी सगळी फुलं होती, फक्त खाली पडलेला झेंडू नव्हता. त्याच्या जागी कॅनव्हासचं पांढरं भोक दिसत होतं.

"नाना, झेंडू कुठे गेला?"

नाना ओशाळले. "रोज सकाळे हात लाईसन देखस ना, वाळनं का म्हनीसन. तू बसेल व्हती तठे, तशीच वाटस."

रोज बोट लावून लावून झेंडू त्यांनीच पुसून टाकला होता; चित्र ओलं आहे तोवर आई अजून तिथेच बसलीय, असं त्यांना वाटे. आईनं डोळे पुसले आणि ती भाऊंकडे वळली.

"अहो, हे फूल परत काढायला हवं. घरून माझ्या ट्रंकेतल्या ट्यूबा आणा. आणि ती अळशीच्या तेलाची बाटली."

"बाटली कशाला? डबाच आणतो," भाऊ म्हणाले. मग नानांकडे न बघता हळूच पुढे म्हणाले, "अळशीचा."