जुन्या नंबरांची वही

संस्थानं जाऊन मध्य भारत राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती आणि मी इंदूरच्या एका कॉलेजात बी.ए.ला होते. ग्रंथालयात कपाटांपर्यंत जायची आम्हाला मुभा नव्हती. चिठ्ठीवर पुस्तकाचा नंबर लिहून खिडकीत द्यायचा, मग ग्रंथपाल आतून पुस्तक आणून देत. नंबर कार्डांच्या खणांत शोधायचा असे, पण ते कष्ट कोण घेतो? दरबारी नोकरीतल्या आमच्या घरांत नंबरही थोरल्याकडून धाकट्याकडे येत. माझ्याकडे दादाची वही होती आणि तिचा मला भारी तोरा होता.

ग्रंथपालांना आम्ही 'बाबू' म्हणायचो. पुस्तकं उचलून आणणारा माणूस, एवढीच आमच्या लेखी त्यांची किंमत. त्यांची नोकरी कच्ची होती आणि पक्कं होण्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर पडून होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इतिहासाचा निबंध दोन दिवसांत द्यायचा होता. मी वहीतला नंबर लिहून दिला. बाबूंनी घोड्यांच्या आजारांवरचं पुस्तक आणलं. दुसरा दिला, तर विहिरी खणण्यावरचं.

"तुम्हाला वाचता येतं ना?" मी फणकारले.

"ताई, नंबर तुम्हीच लिहिलाय. एक बार कार्ड देख लो ना."

ही काम टाळायची तऱ्हा, असं वाटून माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे तक्रार खरडली, चौघींच्या सह्या घेतल्या आणि प्राचार्यांना नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या सरांना सांगितलं, तर ते मला सरळ खणांपाशी घेऊन गेले. "सुट्टीत ह्या ग्रंथपालांनी एकट्याने सगळी पुस्तकं विषयवार लावली, नवे नंबर घातले. महिनाभर सूचना लावलेली आहे." त्या सूचनेखाली उभं राहूनच मी सह्या गोळा केल्या होत्या. कार्ड पाच मिनिटांत सापडलं. मी मागितलेलं पुस्तक बाबूंनी आणलं, शिवाय त्याच विषयाची आणखी दोन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तक्रार परत मागायला गेले. प्राचार्य म्हणाले, "ती आता त्यांच्या नोकरीच्या फाईलला लागली."

निबंध देऊन मी खिडकीशी आले. "बाबूजी, माझं फार चुकलं."

"निबंध हो गया?"

"झाला."

"मग पुस्तकं जमा करा, ताई. मागे लोक थांबलेत."

त्यांची नोकरी पक्की झाली, तेव्हा मला कॉलेज सोडून वर्ष झालं होतं.