दादांनी धरलेला हात

डॉक्टरीणबाईंनी पायजम्याची नाडी सैल करायला सांगितली तेव्हा हे चक्क लाजले. अंग भाजत होतं, प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते, आणि माणूस लाजत होता. शेवटी मीच पुढे होऊन नाडी सोडली. कमरेच्या घडीत, नाडीच्या बरोबर खाली, एक काळा डाग होता. बिडीचा चटका बसून खपली धरावी तेवढा, भोवती लालसर कडं.

"दुखतं का?"

"नाही."

"खाजतं?"

"नाही. मले त माहीतच नाही कधी आला."

डॉक्टर सरळ उभ्या राहिल्या. वयाने त्या माझ्या भाचीएवढ्या असतील, पण त्यांचा चेहरा एकदम मोठ्या माणसासारखा झाला. "स्क्रब टायफस वाटतोय," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायला पाठवते, पण औषध आत्ताच सुरू करू, रिपोर्टची वाट पाहत बसायचं नाही. ताप कधीपासून आहे?"

"कालपासून," मी सांगितलं.

हे छताकडे बघत हळूच म्हणाले, "गेलाच नव्हता."

नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्या घरी रीत नाही, म्हणून इथेही मी 'हे'च म्हणणार. हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. मूळ गाव कोंढा. तिथे मोठे दीर शेती बघतात, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दोघं प्रभूच्या विश्वासात आलो, ख्रिस्ती झालो. दादा आले नाहीत. ते रागावलेही नाहीत, पण ह्या विषयावर आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही. गावाने मात्र पुष्कळ बोलून घेतलं.

आधी आजाराबद्दल सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी हा पाहुणा येऊ शकतो. गवतात, झुडपात डोळ्यांना न दिसणारी एक बारीक कीड असते. ती चावते तेव्हा कळत नाही. चावल्या जागी काळी खपली धरते, तिला डॉक्टर एस्कार म्हणतात. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि नेमकी काखेत, जांघेत, नाडीखाली, जिथे माणूस बघत नाही तिथे असते. काहींना तर ती दिसतही नाही. आठ-दहा दिवसांनी ताप येतो. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी उतरतो. नाही ओळखला तर मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू, कशालाही हात घालतो.

आम्हाला वेळेत ओळखता आला नाही. का नाही, ते सांगते.

हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीला हे रजा टाकून कोंढ्याला गेले होते. दुपारची भाकर खाऊन बांधावरच्या गवतात आडवं व्हायची ह्यांची लहानपणापासूनची सवय. तिथून आले आणि पुढच्या आठवड्यात ताप भरला. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल असेल म्हणून गोळ्या दिल्या. आमचे पास्टर घरी आले, डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी अंग गार पडलं, हे पोटभर जेवले. आम्ही देवाचे आभार मानले, आणि त्यात माझ्या मते काही चुकलं नाही.

चूक पुढे झाली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रीत आहे. कोणी बरं झालं की उपकारस्तुतीची सभा ठेवायची आणि त्या माणसाने उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. ह्यांच्या मनाने घेतलं की ही सभा कोंढ्याला, दादांच्या अंगणात व्हावी. इतकी वर्षं दादा कधी प्रार्थनेला बसले नव्हते. ह्यांनी फोन केला आणि दादा एका शब्दात हो म्हणाले. ते ऐकून हे लहान पोरासारखे रडले.

त्या रविवारी अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. शेजारपाजारचे कुंपणापाशी उभे राहून बघत होते. हे उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभूनं माया ताप पुरा काढला. आता कणभर उरला नाही." दादा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी सगळ्यांनी गोलात हात धरून प्रार्थना केली. ह्यांचा एक हात पास्टरांच्या हातात होता, दुसरा दादांच्या.

सकाळी निघताना ताप परत आला होता, हे मला दवाखान्यात कळलं. गोळी खाऊन हे साक्ष द्यायला उभे राहिले होते. नंतरही गोळ्या खात राहिले आणि बसने ड्यूटीला जात राहिले.

एका घरात राहून तुला कळलं कसं नाही, असं मला कितीतरी जणींनी विचारलं. खोकला आहे, तुला नको लागायला म्हणून हे पुढच्या खोलीत झोपत. मी उठायच्या आत अंघोळ उरकत. हात लावायला गेले तर "काही नाही, थकलो" म्हणून बाजूला होत. घरात काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं. माणूस भिंतीला धरून चालत होता, मी विचारलं की हसत होता. मला वाटलं, फॅक्टरीत काही झालं असेल. मी ह्यांच्यावर चिडलेही होते.

मग दादांचा फोन आला. आमच्याकडे मोठा दीर लहान भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाही, निरोप असतो तोही जाऊबाईंच्या तोंडून. फोनवर दादांचं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी गेलं.

"बाई," ते म्हणाले, "आज त्याचा हात पाहून घेजो बरं. अजूनही गरमी येते का त्याच्या हाताले?"

मला प्रश्नाचा अर्थच लागला नाही, जरा रागही आला. पण फोन ठेवून मी पुढच्या खोलीत गेले. हे ड्यूटीवरून येऊन दुपारचे झोपले होते. मी हात हातात घेतला आणि चटका बसल्यासारखा सोडून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्यात होतो.

तिथून पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार खाली गेल्या होत्या. क्रिएटिनिन वाढलं होतं. मूत्रपिंड काम सोडू लागलं की हा आकडा चढतो. दुसऱ्या दिवशी श्वास पुरेना म्हणून आयसीयूत हलवलं आणि तोंडावर घट्ट मास्क बांधला. डॉक्टर म्हणाल्या, "डॉक्सीसायक्लिन सुरू आहे, याच्यावरचं तेच औषध. पण उशीर झालाय. पुढचे दोन दिवस काही सांगता येणार नाही. मूत्रपिंड सुधारलं नाही तर डायलिसिस लागेल, मग नागपूरला न्यावं लागेल."

आयसीयूबाहेर लोखंडी खुर्च्यांची एक रांग होती. समोरचा दरवाजा उघडला की बसलेले सगळे एकदम उभे राहायचे. माझ्या शेजारी पवनीकडची एक बाई तिच्या भावासाठी बसायची. आम्ही एकमेकींना चहा आणून द्यायचो. एका सकाळी दरवाजा उघडला, आम्ही दोघी उभ्या राहिलो आणि नाव तिच्या भावाचं निघालं. तिने रडायच्या आधी पिशवीतला टॉवेल घडी करून ठेवला. त्यानंतर ती खुर्ची दिवसभर रिकामी राहिली, तिथे कोणीच बसेना.

मी प्रार्थना करत होते असं म्हणायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर मी भांडत होते. ह्या माणसाने तुझ्यासाठी आपला ताप लपवला, मी देवाला म्हणत होते, तू त्याला असं तोंडघशी पाडणार का? गावातून फोन येत होते. विचारपूस असायची, आणि शेवटी एक वाक्य असायचं. घरचा देव सोडला की असंच होते, बाई. काही जणी मायेने म्हणायच्या, ते जास्त लागायचं. हे गेले तर हेच वाक्य माझ्या दारावर कायमचं चिकटणार हे मला दिसत होतं. मी विधवा होईन याच्या जोडीला ही भीती होती, आणि कधीकधी हीच मोठी वाटायची.

पास्टर रोज यायचे. साकोलीकडचा साधा माणूस, बोलतो कमी. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी गोळीसकट. मला वाटलं ते रागावतील.

"साक्ष त्यानं देली होती, देवानं नाही," ते म्हणाले. "त्याले वाटलं का ताप परत आला त देव खोटा पडन. एका तापानं खोटा पडाले देव का एवढासा आहे? पण ह्यात मायीही चूक आहे. बरं झालेल्यालेच आमी उभं करतो. बरा नाही झाला त्याले कधी विचारलंच नाही."

ते गेले तेव्हा दादा माझ्या रांगेतच, दोन खुर्च्या सोडून बसले होते. आदल्या दिवशीच ते कोंढ्याहून आले होते. धोतराचा सोगा मुठीत धरून दरवाज्याकडे बघत ते मला म्हणाले, "बाई, एक विचारू का?"

"विचारा ना दादा."

"त्या दिवशी शेवटी हात धरले ना सगळ्यायनं. त्याचा हात माया हातात होता. चुलीवरल्या तव्यावानी गरम होता." दादांनी आपला तळवा उघडून बघितला. "आपल्याकडं देव अंगात येते तवा माणूस तपते. मले वाटलं, तुमचा देव असाच येत असन. हातात. मनलं, भावाले खरंच भेटला म्हणावं. मी घरी जाऊन माया हात पाहत बसलो, मले काहून नाही आली गरमी म्हून. चार दिवस तेच मनात. राहवलं नाही, म्हून तुले फोन केला."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"माया पाठीवर वाढला तो," दादा म्हणाले. "लहानपणी त्याचं अंग नुसतं कोमट झालं तरी मले समजे. अन् त्या दिवशी ताप हातात धरून बसलो अन् वळखला नाही."

मला हसू आलं. त्या खुर्चीवर, त्या दरवाज्यासमोर, मी तोंडाला पदर लावून हसले, आणि हसता हसता इतकी रडले की नर्स बाहेर आली. रडत असतानाच मला कळलं की माझ्या भांडणाचं उत्तर आधीच येऊन गेलं होतं. आमच्यातल्या एकानेही ताप ओळखला नाही. पास्टरांनी तोच ताप धरला होता, त्यांनाही सभेच्या भरात कळलं नाही. ज्या माणसाला आमची प्रार्थना काय असते हेच माहीत नव्हतं, त्याच्या मनात देवाने तो हात चार दिवस जागा ठेवला, आणि त्याला रीत मोडून मला फोन करायला लावला. अजून एक दिवस गेला असता तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाल्या. देव वाट दाखवतो हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. ती अशी दाखवेल असं मला वाटलं नव्हतं, आणि वाट दिसली तेव्हा मला तिचा राग आला होता.

त्या संध्याकाळीही डॉक्टर म्हणाल्या, काही सांगता येत नाही. मी दादांना म्हटलं, तुम्हाला तुमच्या देवाला सांगायचं असेल तर सांगा. ते म्हणाले, "सांगतलं. तुमच्याही देवाले सांगतलं. मले बोलता येत नाही त्याच्याशी, पण सांगतलं."

पुढे क्रिएटिनिन एका जागी थांबलं, मग उतरू लागलं. नागपूर टळलं. मास्क निघाला तेव्हा ह्यांनी पहिलं विचारलं, "दादाले समजलं का?" मी म्हटलं, "दादांनाच पहिलं समजलं."

हे घरी आले ते अर्धे होऊन. पायात जोर यायला महिने लागले आणि अजूनही जिना चढताना हे मध्ये थांबतात. गवतात झोपणं बंद झालं. कापणीहून आलं की हे निमूट अंघोळ करतात, मी कपडे गरम पाण्यात टाकते आणि डोळे फाडून ह्यांचं अंग तपासते. आता लाज वगैरे काही राहिली नाही. तुम्हीही तपासा. ताप आला तर प्रार्थना करा आणि दवाखान्यातही जा. उतरलेला ताप परत आला तर तोही मोठ्याने सांगा. देव तेही ऐकून घेतो.

नाताळानंतर कोंढ्याला परत सभा झाली. ह्या वेळी दादांनीच बोलावलं होतं. कुंपणापाशी तेच लोक उभे होते. हे खुर्चीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मागं मी म्हटलं होतं ताप गेला. नव्हता गेला. मी खोटं बोललो. देवाची लाज राखाले गेलो, अन् त्यानंच माया जीव राखला." एवढं बोलून खाली बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दादा विश्वासात आले नाहीत, आणि कधी येतील की नाही मला माहीत नाही. पण सभेला येतात आणि ह्यांच्याच शेजारी बसतात. शेवटच्या प्रार्थनेला सगळे हात धरतात तेव्हा आमचे पास्टर आता लगेच डोळे मिटत नाहीत. ते दादांकडे बघत थांबतात. दादा भावाचा हात आपल्या हातात घेतात, तळव्यावर अंगठा फिरवतात आणि सावकाश मान वर करतात.

"थंडा आहे," ते म्हणतात. "करा सुरू."