अँबेसेडर भंगारात जाणार नाही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत गॅरेजमध्ये उभी होते, माझ्या फियाटचा कार्ब्युरेटर साफ करून घेत. पलीकडून पुतण्या रडत बोलत होता आणि इकडे मिस्त्री गाडी रेस करत होता. मी हातानेच त्याला थांब म्हटलं... इंजिन बंद झालं आणि मग सगळं नीट ऐकू आलं.

माणूस गेला की त्याचं सगळंच गोड मानायचं, ही आपली रीत. मी नाही मानणार. माझा थोरला भाऊ हट्टी होता आणि त्याची अँबेसेडर मंद होती, हे मी त्याच्या तोंडावर म्हणत आले, आताही म्हणते. ती वळवायला दोन्ही खांद्यांचं बळ लागतं, आणि ब्रेक कुठे दाबायचा हे बरंच आधी ठरवावं लागतं. माझी फियाट बोटावर वळते, फुलबाजाराच्या गल्लीतून उलटीसुद्धा निघते. दादाची शेती मूर्तिजापूरजवळ, शेवंतीची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं सारखीच फुलं भरून अमरावतीला निघायचो. मी हमखास आधी पोचायचे. तो मागून निवांत यायचा आणि डिकी उघडून दाखवायचा, की त्याची फुलं जशीच्या तशी आहेत आणि माझी दणके खाऊन गळलीत. वेळ धरायचा की फुलं, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. एका वर्षी पाऊस होऊन गेलेला असतानाही मी हट्टाने फियाट थेट शेतात घातली. काळ्या मातीने चाकं धरून ठेवली. पुढून ओढतो म्हणत दादाने अँबेसेडर बाजूने पुढे काढली, आणि तीही रुतली. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर येईपर्यंत हा गृहस्थ चिखलात पावलं टाकत अंतर मोजत होता.

"माही गाडी चार पावलं पुढं जाऊन फसली," तो म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तेरवीची जेवणं आटोपली आणि पुतण्याने सांगितलं, की उद्या भंगारवाला येतो आहे. गाडीचे कागद संपलेत, अकोल्याला नोकरीवर जाणाऱ्याला ती कामाची नाही, गोठ्याजवळची जागाही मोकळी होईल. बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचं चुकत नव्हतं, पण मला राग आला तो आलाच. मी म्हटलं, गाडी मी नेते, कागदही मीच करते.

"आत्या, ते स्टिअरिंग झेपणार हाय का तुमाले? या वयात काहून जिवाले त्रास करून घेता?"

"नाही झेपत मले. तरी भंगारात नाही जाऊ देत."

वहिनी उठून आत गेली आणि किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

आता रोज सकाळी अर्धा तास मी ती चालवते. खांदे भरून येतात, आणि कधीकधी रडूही येतं. गाडी म्हणून विचाराल तर फियाटच सरस, हे मी मरेपर्यंत सांगेन. दादा उंच होता, त्यामुळे सीट पार मागे सरकवलेली आहे. मिस्त्री म्हणतो, ताई, पुढे घेऊन देतो, दोन मिनिटांचं काम. मी पाठीशी जाड उशी घेते. सीट दादाच्या पायांच्या मापाची आहे... तिला हात लावायचा नाही.